रविवारची उसण

माझी बायको शोभा पायाळू आहे. जन्मताना तिचे पाय आधी आले, डोकं मागून. नागपूरच्या उत्तरेला, हिंदी मुलखाला लागून असलेल्या आमच्या सौंसरकडे अशा माणसाचा पाय औषध समजतात. पाठीत उसण भरली, कंबर धरली, मान अवघडली की लोक सकाळी उपाशीपोटी आमच्याकडे येतात, ओसरीत पालथे पडतात, आणि ती काही न बोलता डावा पाय त्यांच्या पाठीवरून तीनदा फिरवते. त्याचे पैसे घ्यायचे नसतात, उलट चहा आपल्याच घरचा जातो. पावसाळ्यात वीज चमकायला लागली की माझी माय तिला अंगणात पाऊल ठेवू देत नाही, कारण पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. लग्नाला एकवीस वर्षं झाली, वीज काही पडली नाही. जे पडायचं ते माझ्यामुळे पडलं.

हृदयाचा झटका मला आला आणि गुन्हेगार ती ठरली. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि मी दोन महिने मूग गिळून बसलो. हे लिहून राहिलो ते मुख्य त्याच्यासाठी. दुसरं कारण असं, की तुमच्यातही कोणी माझ्यासारखा आठवडाभर खुर्ची तापवून रविवारी मैदानात उतरत असेल. त्यानं हे वाचावं, मग मला काय नावं ठेवायची ती ठेवावी.

चाळिशीपार

मी तहसील ऑफिसात बाबू आहे. वय सत्तेचाळीस. सोमवार ते शुक्रवार ऑफिसची खुर्ची, शनिवारी घरचा दिवाण. तोंडात दिवसातून चार-पाच वेळा तंबाखू-सुपारीचा खर्रा. पोट सुटलेलं, पण ते शर्ट बाहेर काढला की दिसत नाही असा माझा समज.

कॉलेजात असताना मी पांढुर्ण्याला कबड्डी खेळायचो आणि बरा खेळायचो. ते वेड डोक्यातून गेलं नव्हतं. संत्र्याचा व्यापार करणारा माझा मित्र गज्जू, त्याचंही तसंच. दोन वर्षांपूर्वी त्यानं गावातले दहा-बारा जुने खेळाडू गोळा केले आणि शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी आमची कबड्डी सुरू झाली. मास्तर, किराणावाला, बसचा कंडक्टर, मी. गटाला नाव दिलं ‘चाळिशीपार’. खेळायच्या आधी अंग मोकळं करायचं असतं हे मास्तर सांगायचा, आणि आम्ही त्याला हसायचो. शनिवारी सावजी मटण खाऊन झोपायचं, सकाळी उठून थेट चढाईला जायचं, असा आमचा सराव.

कबड्डीत दम धरावा लागतो. तोंडानं कबड्डी-कबड्डी चालू, समोर सात माणसं, आणि श्वास सोडायची सोय नाही. वीस वर्षांच्या पोरासाठी तो खेळ आहे. आम्ही आठवड्यातून एक तास वीस वर्षांचे होत होतो, बाकीचा सगळा वेळ सत्तेचाळीसचे.

त्यातच पांढुर्ण्याच्या जुन्या खेळाडूंसोबत आमचा सामना ठरला. गज्जूनं मला सांगितलं, पहिली चढाई तुझी. मी ऑफिसात चार लोकांना सांगून बसलो.

आधीचे दोन रविवार

आता खरं सांगतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही.

झटक्याच्या दोन रविवार आधी चढाई करून परत आलो आणि खालच्या दाढा ठणकायला लागल्या. दात दुखावा तसं नाही, आतून कोणी जबडा दाबून धरल्यासारखं. डाव्या कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या आल्या. मैदानाच्या कडेला पाच मिनिटं बसलो, गेलं. म्हटलं खर्ऱ्यानं दात खराब झाले असतील.

पुढच्या रविवारी छातीत जळजळलं आणि दम लागला. इतका लागला की मी पाय मुरगळल्याचं नाटक करून बाहेर बसलो. पित्ताची पुडी आणून पाण्यात घेतली. तशा सहा पुड्या मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवून दिल्या, घरात नाही. घरात ठेवल्या असत्या तर शोभानं विचारलं असतं.

मधल्या आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात मला थांबावं लागलं. जिना तो किती, वीस पायऱ्यांचा. मी मोबाइल कानाला लावून बोलण्याचं सोंग करत उभा राहिलो, म्हणजे कोणी पाहिलं तर वाटावं की साहेबांचा फोन आहे. मग त्याच मोबाइलवर मी शोधलं, की जबडा, डावा हात, दम लागणं, हे कशाचं लक्षण. जे आलं ते वाचलं आणि मोबाइल खिशात टाकला.

म्हणजे मला माहीत होतं. अगदी पक्कं नाही, पण शंका पक्की होती. आमचे बाबा बावन्नाव्या वर्षी जेवता जेवता गेले. ताटात भाकर तशीच होती. त्या दिवसापासून माझ्या मनात एक भीती बसली होती, आणि भीती असली की माणूस दवाखान्यात जातो असं ज्यांना वाटतं त्यांना भीती ठाऊक नाही. भ्यायलेला माणूस दवाखाना सोडून बाकी सगळीकडे जातो. आणि दुसरी गोष्ट लाजेची आहे. गज्जूला कळलं असतं तर त्यानं मला संघाबाहेर बसवलं असतं.

तिसरा

त्या रविवारी आठच्या सुमाराला मी चढाईला गेलो, एकाला बाद केलं, परत येताना कंडक्टरनं मागून कमरेला मिठी मारली आणि मी त्याच्यासकट रेषेवर पडलो. उठलो तेव्हा पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, दुखत होतं. तिथून ते छातीत पुढे आलं आणि तिथंच थांबलं. अंगाला गार घाम सुटला.

“काय बे सुऱ्या, दम भरला का?” गज्जूनं विचारलं.

“दम नाही बे. उसण भरली.”

“मंग जाय ना घरी. तुह्या घरीच तं डॉक्टर हाये.”

सगळे हसले. मीही हसलो. किती बरं वाटलं मला तो शब्द तोंडातून निघाल्यावर. उसण. मी पडलो होतो, कंडक्टर अंगावर पडला होता, पाठ दुखत होती. उसणीसाठी याच्याहून चांगला पुरावा काय पाहिजे. मी मोटारसायकल चालवत घरी आलो.

शोभा ओसरीत झाडत होती. मला पाहून तिनं झाडू खाली ठेवला.

“अजी, हा काय रंग झाला तुमचा? पांढरेफटक पडले.”

“उसण आहे वो. कंडक्टर पडला अंगावर.”

“उसणीनं असा घाम येते काय? चला, दवाखान्यात जाऊ. मी गज्जूभाऊले फोन लावते.”

तिनं हे म्हटलं होतं. तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात. मी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि ओसरीत पालथा पडलो.

“पाय लाव,” मी म्हटलं.

“वेडे झाले काय? नवऱ्याले पाय लावू काय मी?”

“साऱ्या मोहल्ल्याची काढते, माही काढाले काय जाते?”

“पाप लागते, अजी.”

“पाप माह्या डोक्यावर. लाव म्हनतो ना.”

मी ओरडलो होतो. मी सहसा ओरडत नाही, म्हणून ती घाबरली. तिनं डावा पाय धुतला, पदरानं पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला. तेवढ्यात देवळातून परत आलेली माझी माय दारात उभी राहिली. तिनं आधीचं काहीच ऐकलं नव्हतं. तिला फक्त सुनेचा पाय दिसला, आणि त्याच्याखाली पोरगा.

“हे काय करून राहिली वो?” माय म्हणाली.

शोभानं पाय काढला, खाली वाकून माझ्या दोन्ही पायांवर डोकं टेकवलं, आणि परत एकदा टेकवलं. मी म्हटलं, “उतरली. आता बरं वाटते.” बरं वाटत नव्हतं. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो आणि अकरा वाजेपर्यंत तसाच पडून राहिलो, कारण उठलो असतो तर मान्य करावं लागलं असतं.

अकराला उलटी झाली. त्यानंतर मला उठवतच नव्हतं. शोभानं मला न विचारता गज्जूला बोलावलं.

पट्टी

सौंसरच्या दवाखान्यात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छातीला तारा लावून ईसीजी काढला. मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर येत होती आणि ती हातात धरून वाचताना त्यांचा चेहरा बदलला. मी तोच पाहत होतो. निदान वगैरे मला त्या चेहऱ्यावरच कळलं, त्या नंतर जे बोलल्या ते फक्त नाव होतं.

“दर्द कब से है?”

“आज सुबह से.”

“इसके पहले कभी? चलते, सीढ़ी चढ़ते, खेलते?”

शोभा एका बाजूला उभी, माय दुसऱ्या बाजूला, गज्जू दारात. सगळे माझ्याकडे पाहत होते.

“नहीं,” मी म्हटलं.

“सुबह आठ बजे से दर्द है और अब आ रहे हो? तब से क्या कर रहे थे?”

उत्तर शोभानं दिलं. तिला खोटं बोलता येत नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सांगितलं की उसण समजून पाय लावला, मग हे झोपले. डॉक्टरीणबाई चिडल्या. पोरगी असेल तिशीतली, आमच्यासारखे रोज पाहत असेल. “आपके इस पैर के चक्कर में तीन घंटे चले गए,” त्या म्हणाल्या. “जानती हैं तीन घंटे में दिल का क्या होता है?”

शोभानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले.

रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि गाडीत घालून नागपूरला पाठवलं. वाटेतल्या सावनेरपर्यंत मला शुद्ध होती. शोभा बाजूच्या बाकावर बसली होती आणि तिनं माझा हात धरला नव्हता. दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. मला वाटलं घाबरली असेल. ती मला शिवायला भिऊन राहिली होती, हे मला फार उशिरा समजलं.

नागपूर

मनगटातून तार घालून हृदयाच्या नळीत स्टेंटचा छल्ला बसवला. नळी मोकळी झाली, पण तोवर हृदयाचा खालचा एक तुकडा मेला होता. डॉक्टर नागपूरचेच होते, शांतपणे बोलायचे. म्हणाले, “मेलेला भाग परत येत नाही. उरलेल्या भागावर आता संसार चालवायचा.” त्यांनीही विचारलं की याआधी कधी त्रास झाला होता का, आणि मी परत नाही म्हटलं. “काही लोकांना आधी इशारे मिळतात,” ते म्हणाले, “तुमचं नशीब, तुम्हाला मिळाले नाहीत.” मी मान हलवली.

आयसीयूत दिवस कधी होतो आणि रात्र कधी, ते कळत नाही. दिवे सारखेच. पहाटे रक्त काढायला येतात, मग अंग पुसायला, मग चादर बदलायला, मग बिनमिठाची पातळ खिचडी. पलंगावरच सगळं. दुसऱ्या माणसाच्या हातून आपलं अंग धुऊन घेताना लाज वाटते असं मी ऐकलं होतं. लाज पहिल्या दिवशी वाटली, दुसऱ्या दिवसापासून फक्त वाट पाहायचो की कोणी यावं.

शेजारच्या पलंगावर काटोलचे एक गृहस्थ होते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. रविवारी बॅडमिंटन खेळताना पडले होते. पहिल्या दिवशी आम्ही बोललो. त्यांनी विचारलं तुम्ही काय खेळता, मी म्हटलं कबड्डी, ते म्हणाले अरे वा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मशीनचा आवाज बदलला, पडदा ओढला, पाच-सहा माणसं धावत आली. बराच वेळ पडदा हलत होता, मग हलायचा थांबला. संध्याकाळी त्या पलंगावर नवी चादर होती.

तिथं एक मावशी होती साफसफाईची. पडदा ओढला तेव्हा ती माझ्या उशाशी येऊन उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांवर ओला फडका ठेवला. “तिकडे नको पाहू, भाऊ. तू आपला आपला श्वास घे,” एवढंच म्हणाली. तिचं नाव मी विचारलं नाही. त्या दिवशी मी वेडा झालो नाही तो तिच्यामुळे.

पडद्याच्या बाहेर

पाचव्या दिवशी वॉर्डात आणलं. पुण्याला नोकरी करणारा आमचा मुलगा आला होता, पांढुर्ण्याहून माझी बहीण मंदाताई आली होती. माय माझ्या पायाशी बसून पाय दाबत होती. मी डोळे मिटून पडलो होतो, जागा होतो.

“तिनं नवऱ्याले पाय लावला, मंदा,” माय हळूच सांगत होती. “म्या माह्या डोळ्यानं पाहिलं. पाठीवर पाय देऊन उभी होती.”

“तिले अक्कल नाही काय?”

“विचारलं तं म्हनते, यायनंच म्हटलं. पुरुष म्हनतील ते म्हनतील, बाईनं समजाले पाहिजे ना. वरून डॉक्टरीणबाईबी म्हने, पायापायीच झालं म्हनून.”

शोभा तिथंच होती. स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. तिच्या नखांचा आवाज थांबला आणि मग परत सुरू झाला.

मला तेव्हा काय करायचं होतं? डोळे उघडायचे आणि दोन वाक्यं बोलायची. मी नाही बोललो. का नाही, याचा विचार मी नंतर खूप केला. अशक्तपणा होता हे खरं, पण दोन वाक्यांपुरता नव्हता. खरी गोष्ट अशी की त्या पलंगावर मी पहिल्यांदा निर्दोष होतो. बिचारा सुरेश, उसण समजून झोपला आणि घात झाला. माय पाय दाबते, बहीण देवाला नवस बोलते, मुलगा सातशे किलोमीटरवरून धावत येतो. मी सांगितलं असतं की मला माहीत होतं, लपवून खेळलो, तर ह्याच लोकांनी मला फैलावर घेतलं असतं. आजारी माणसाला लाड सोडवत नाहीत, आणि माझ्या लाडाची किंमत शोभा देत होती.

घरी

घरी आल्यावर जग छोटं झालं. पलंग, संडास, ओसरी. ओसरीपासून फाटकापर्यंत पंचवीस पावलं, ती एका दमात झाली की सण. सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ गोळ्या. खर्रा सुटला, तो मी सोडला नाही, भीतीनं सोडवला. छातीत जरा चमक आली की हात मनगटावर जायचा आणि ठोके मोजत बसायचो. पोटात वायू सरकला तरी घाम फुटायचा.

गज्जू यायचा. त्यानं गट बंद केला होता. मी म्हटलं, बंद करू नको, पण आधी सगळ्यांना तपासून आण. त्याला तेवढं सांगायची हिंमत झाली, बाकी नाही. नागपूरचे डॉक्टर जे बोलले ते मी त्याला सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो. खेळू नका असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, सहा दिवस बसून सातव्या दिवशी जीव तोडून खेळणं, हे नका करू. रोज थोडं चाला, मग रविवारी खेळा. चाळिशीनंतर मैदानात उतरायच्या आधी एकदा तपासून घ्या, घरात कोणी अचानक गेलं असेल तर नक्कीच. आणि जोर केल्यावर जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठंही दुखलं आणि बसल्यावर थांबलं, तर त्याला उसण म्हणू नका, गॅस म्हणू नका, दाढ म्हणू नका. कोणी हसलं तर हसू द्या.

गज्जूनं पुढच्या आठवड्यात सात जणांना नागपूरला नेलं. किराणावाल्याच्या दोन नळ्या बंद निघाल्या. त्याला आधीच कळलं म्हणून तो आज दुकानात बसतो आहे.

शोभा माझं सगळं करायची. गोळ्या, पथ्य, पाणी. पण काही तरी बदललं होतं. माझ्या पलंगाजवळ यायची ती कडेकडेनं, पाय आवरून. बसायची तर पाय साडीखाली घेऊन. उसण काढायला लोक यायचे त्यांना आतूनच सांगायची, आता मी काढत नाही. माय ऐकायची आणि म्हणायची, “आता आली अक्कल.” मी ओसरीत बसून हे ऐकायचो आणि पेपर वाचायचो.

बोललो तो दिवस

दोन महिने झाले असतील. रविवारच होता. आमच्या मागच्या गल्लीतला दौलत सकाळी पाठ धरून आला. संत्र्याचे कॅरेट उचलताना पाठीत भरली होती. वय पन्नाशीचं. शोभानं त्याला पाहिलं आणि आत निघून गेली.

“तिले नको म्हनू, दौलत,” माय अंगणातून म्हणाली. “तिच्या पायानं माह्या पोराचं काय झालं, साऱ्या गावानं पाहिलं ना.”

दौलत ओशाळला. मंदाताई आली होती, ती मान हलवत होती. आणि माझ्या तोंडातून निघालं. ठरवून नाही. माझ्या हातून आयुष्यात ठरवून काही चांगलं झाल्याचं मला आठवत नाही.

“तिच्या पायानं काही नाही झालं, माय.”

“तू गप बस. तुले बोलाचा त्रास होईल.”

“होऊ दे. मले त्याच्या आधी दोन रविवारपासून दुखून राहिलं होतं. जबडा, हात, छाती. मी पुड्या खाऊन खेळून राहिलो होतो. मोबाइलवर पाहिलं होतं मी, हे दिलाचंच आहे म्हनून. मले शंका होती, म्हनूनच पाय लाव म्हटलं तिले. उसण निघाली असती तं सुटलो असतो ना. ती दवाखान्यात चला म्हनत होती. मीच ओरडलो तिच्यावर.”

मंदाताईनं तोंडाला पदर लावला. माय माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं की आता ती उठेल आणि आत जाऊन शोभाला जवळ घेईल.

“तरी,” माय म्हणाली, “नवऱ्याले पाय नव्हता लावाले पाहिजे.”

मी दौलतला म्हटलं, गज्जूला फोन लाव आणि आधी दवाखान्यात जाऊन पट्टी काढून ये. तो गेला. त्याची पट्टी साफ निघाली, ती खरंच उसण होती.

शोभा मागच्या अंगणात मोरीच्या दगडावर बसली होती. माझ्याकडे पाठ करून. मी भिंत धरत धरत गेलो.

“सांगितलं मी,” मी म्हटलं. “सगळ्यायसमोर.”

“आयकलं.”

“मी आधीच सांगाले पाहिजे होतं.”

“तुम्ही लपवलं त्याचं मले काही नाही, अजी. भेव कोणालेबी वाटते.” ती वळली नाही. “पण डॉक्टरीणबाई माह्यावर ओरडून राहिली होती, तवा तुम्ही शुद्धीत होते. मी तुमच्याकडे पाहिलं होतं.”

मी पुढे होऊन तिच्या बाजूला आलो आणि तेव्हा तिचा डावा पाय दिसला. पाणी टाकून ती तो घासत होती, टाचा घासायच्या दगडानं. टाच नव्हती घासत, तळवा घासत होती. तळव्याची कातडी सोलून निघाली होती. काही ठिकाणी खपल्या धरल्या होत्या, काही ठिकाणी ताजं लाल होतं. हे एका दिवसाचं नव्हतं. ह्याच पायानं ती दोन महिने माझ्या पलंगापाशी ये-जा करत होती आणि मी दिवसभर घरीच होतो.

मी भिंत सोडून खाली बसलो आणि तिचा पाय हातात घ्यायला गेलो. तिनं तो साडीखाली ओढून घेतला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “उठा. तुमच्या गोळीची वेळ झाली.”